मौखिक संदर्भ-वाणांची जातिनिश्चिती

मुखातून मिळालेल्या आणि तुलनेसाठी प्रमाण मानून जीवाणुसंग्रहांत जपलेल्या वाणांची जाती पडताळण्याची प्रक्रिया. कुपीवरील नाव चुकीचे ठरण्याची प्रमुख कारणे दोन : हाताळताना झालेली सरमिसळ आणि बदललेले वर्गीकरण. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विस म्हणून अभ्यासला गेलेला ‘चॅलिस’ वाण आता १९८९ मध्ये वर्णिलेल्या स्ट्रे. गॉर्डोनाय जातीत मोडतो. पूर्वी शर्करांचे किण्वन व विकरे यांवरून ओळख पटवीत. १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम उपयुक्त असला, तरी स्ट्रे. मायटिस व स्ट्रे. न्यूमोनी यांत तो ९९ टक्क्यांहून अधिक जुळतो. म्हणून संपूर्ण जीनोमांची तुलना करतात. एखाद्या जातीच्या प्रारूप-वाणाशी (जातीच्या नावाचा आधार मानलेल्या वाणाशी) सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य सुमारे ९५–९६ टक्के वा अधिक असल्यास वाण त्याच जातीचा मानतात.