फोटोत साचा दिसतो, बंद दार दिसत नाही

मुंबईच्या कापडगिरण्यांचे इंग्रजी अमदानीतले फोटो आता मोबाईलवर फिरतात. ओळीने लावलेले साचे, वरच्या शाफ्टवरून उतरणारे पट्टे, मधल्या अरुंद वाटेत उभा विणकर. खाली दोनच शब्द : ‘गिरणी कामगार’. आम्ही बीडचे कार्यकर्ते असा फोटो पाहतो तेव्हा विचारतो, या साच्यावर आमचा माणूस का नव्हता?

गिरणीत तो होता. त्रासनखात्यात सूत काढत होता. पण जास्त मजुरीच्या साचेखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी कामाची रीत होती. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांना विटाळ वाटे. यंत्र विलायतेहून आले, विटाळ मात्र इथलाच!

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे कसब नव्हते. हे साफ खोटे आहे. विदर्भातले महार पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आले होते. अडवले ते जातीने.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ‘कामगार सारे एक’ म्हणायचे आणि साचेखात्याचे दार लावून घ्यायचे, ही कसली एकी? जात कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, असे त्यांनी १९३६ मध्ये लिहिले. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. फोटोतला विणकर शत्रू नव्हे, तोही राबणाराच. पण त्याने पाळलेल्या विटाळाचा फायदा शेवटी मालकालाच झाला. फुटलेल्या कामगारांना दाबणे सोपे असते.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, मुंबई इलाख्यात नव्हते. तरी हा फोटो आम्हाला परका वाटत नाही. आजही दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे फोटो छापून येतात. नेते गव्हाणीत मोळी टाकताना हसत असतात. ज्या हातांनी ऊस तोडला ते हात फोटोत नसतात. आमच्या जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन निघालेली जोडपी, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजलेली, तेव्हा फडात असतात. त्यांत दलित, भटके, वंजारी, मराठा सारेच आहेत. साचेखात्याची चूक त्यांनी फडात करू नये.

म्हणून बांधवांनो, जुना फोटो नुसता कौतुकाने पाहू नका. त्यात कोण आहे ते बघाच, पण कोणाला आत येऊ दिले नाही तेही विचारा. आणि घरात फडावरचा एखादा फोटो असेल तर मागे नाव, गाव, साल लिहून ठेवा. उद्या कोणी तुमच्या नातवाला म्हणू नये, की तुमची माणसे तिथे नव्हतीच.