उत्पादकावरील नियंत्रण आणि ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य : मोरा बंदरातील मीठ-मद्यापासून स्मार्टफोनमधील ॲपपर्यंत

प्रस्तावना

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच ज्या किनाऱ्याला लागते, ते मोरा हे पनवेल-उरण परिसरातील जुने बंदर होय. आज या बंदरावर उतरणारा प्रवासी, मासेमारीसाठी निघालेला नाखवा, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा कंटेनरचालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांच्या हाती स्मार्टफोन आहे. नवा फोन प्रथम सुरू केला जातो तेव्हा त्यात अनेक ॲप आधीपासूनच असतात. ती मालकाने निवडलेली नसतात आणि त्यांपैकी काही काढूनही टाकता येत नाहीत. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूत काय असावे हे ग्राहकाने ठरवावे, उत्पादकाने की शासनाने, हा प्रश्न २०२२ आणि २०२५ या वर्षांतील दोन शासकीय आदेशांमुळे भारतात तीव्रतेने पुढे आला.

हा प्रश्न वरवर पाहता नवा वाटतो. तथापि असंख्य ग्राहकांवर थेट नियंत्रण ठेवण्याऐवजी मोजक्या उत्पादकांना बांधून घ्यावे आणि त्यांच्यामार्फत घराघरांत पोहोचावे, ही राज्यकारभाराची रीत जुनी आहे. मोरा-उरण परिसराने ती एकोणिसाव्या शतकातच अनुभवली होती. या रीतीचा ऐतिहासिक मागोवा घेणे, मोबाईल हँडसेटवरील शासकीय अटींचे स्वरूप तपासणे आणि कोणते नियंत्रण ग्राहकाच्या निवडीला पोषक व कोणते बाधक ठरते याची कसोटी शोधणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

मीठ आणि मद्य : उत्पादकामार्फत नियंत्रण

उरण परिसराची ओळख दीर्घकाळ दोन वस्तूंशी निगडित होती. एक मिठागरातील मीठ आणि दुसरी मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू. दोन्ही वस्तू मुंबईच्या बाजारपेठेला जात आणि दोन्हींवर ब्रिटिश शासनाची करडी नजर होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्रीवरील शासकीय पकड घट्ट केली. गावोगावच्या लहान भट्ट्यांवर लक्ष ठेवणे प्रशासनाला अवघड होते. त्यामुळे परवानाधारक भट्ट्या ठरावीक ठिकाणी एकवटणे आणि तेथेच कर वसूल करणे सोयीचे ठरले. पुढे १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांचा साठा, वाहतूक व विक्री यांवरच बंधने आणली. ज्या फुलांचा उपयोग आदिवासी व गरीब कुटुंबे अन्न म्हणूनही करीत, ती फुले केवळ त्यांपासून दारू गाळता येते म्हणून संशयास्पद ठरली. सार्वजनिक हिताची भाषा आणि महसुलाचा हेतू या ठिकाणी एकमेकांत मिसळलेले दिसतात.

मिठाची स्थिती वेगळी नव्हती. १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानुसार मिठागर चालविण्यास परवाना आवश्यक होता आणि कर भरून परवानगी मिळाल्याखेरीज मीठ आगराबाहेर नेता येत नसे. मणामागे कराचा दर १८८८ साली अडीच रुपये होता. तो टप्प्याटप्प्याने घटत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. दर कमी झाला तरी तत्त्व कायम राहिले. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर साठलेले मीठ उचलण्याची मुभा नव्हती. १९३० च्या सत्याग्रहाने याच तत्त्वाला आव्हान दिले आणि मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरील गावांना घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची वा तयार करण्याची सवलत मिळाली.

या दोन उदाहरणांतून एक बाब स्पष्ट होते. निर्बंध उत्पादकावर लादला जातो, परंतु त्याचा भार अखेरीस ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचतो. ग्राहकाशी शासनाचा प्रत्यक्ष संवाद न झाल्याने आपली निवड नेमकी कोठे संकुचित झाली, हे त्याला उशिरा उमगते.

तारायंत्र ते टेलिफोन : यंत्रच शासनाचे

दळणवळणाच्या साधनांबाबत शासनाने याहून पुढचे पाऊल टाकले. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारव्यवस्था उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला. मुंबईत १८८२ साली टेलिफोन सेवा सुरू झाली ती खासगी कंपनीकडून. परंतु १९४३ मध्ये शासनाने ती ताब्यात घेतली. १९३३ च्या भारतीय बिनतारी तार अधिनियमानुसार रेडिओसंच जवळ बाळगण्यासही परवाना अनिवार्य झाला. घरातील रेडिओसाठी टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरण्याची ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालू होती.

स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा संच प्रामुख्याने १९४८ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी उद्योगाकडून येई. खाते देईल तो संच घ्यावा, हीच ग्राहकाची स्थिती होती. निवडीचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण संच मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. १९८४ मध्ये ग्राहकाकडील उपकरणांची निर्मिती खासगी क्षेत्राला खुली झाली. १९८६ साली मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आले. १९९५ मध्ये मुंबईत मोबाईल सेवा सुरू झाली आणि १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजेच ‘ट्राय’ची, स्थापना झाली. यंत्राचा मालक असलेले शासन अशा रीतीने नियामकाच्या भूमिकेत आले.

मोबाईल हँडसेटवरील अटी : २००९ ते २०१८

या नव्या भूमिकेत शासनाने हँडसेटनिर्मात्यांवर वेळोवेळी अटी घातल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. त्यानंतर मोऱ्यासारख्या किनाऱ्यांच्या सुरक्षेइतकाच दूरसंचाराच्या सुरक्षेचाही प्रश्न ऐरणीवर आला. प्रत्येक हँडसेटला ‘आयएमईआय’ हा ओळखक्रमांक असतो. वैध क्रमांक नसलेल्या हँडसेटची सेवा ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करण्यात आली. स्वस्त, बिननावाचे फोन वापरणाऱ्यांना त्याची झळ लागली, परंतु फोनमध्ये काय ठेवावे याविषयी या अटीने काहीच सांगितले नव्हते.

एप्रिल २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक नव्या फोनमध्ये संकटकाळी मदत मागण्याची कळ अनिवार्य झाली. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ या अंकाची कळ त्यासाठी ठरविण्यात आली. महिलांची सुरक्षितता हा तिचा हेतू होता. ही कळ मालकाने दाबल्याखेरीज काही करीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोच्या १६३३३ क्रमांकाच्या मानकाद्वारे मोबाईल फोनवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत तो लिहिता यावा, अशी अट पुढे आली. मराठी वाचकाच्या दृष्टीने या अटीचे मोल विशेष आहे. बाजाराने आपणहून न दिलेला पर्याय शासकीय नियमाने खुला केला. नियंत्रण म्हणजे नेहमीच निवडीचा संकोच नव्हे, हे यावरून सिद्ध होते.

२०१८ मधील प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. नको असलेल्या व्यापारी कॉलविरुद्ध तक्रार नोंदविण्यासाठी ट्रायने ॲप तयार केले होते. त्यासाठी कॉल व संदेशांची नोंद पाहण्याची परवानगी लागत असे. ॲपल कंपनीने ग्राहकाच्या खासगीपणाचे कारण देत ती नाकारली. जुलै २०१८ च्या विनियमांत ट्रायने सहा महिन्यांची मुदत दिली आणि न जुमानणाऱ्या हँडसेटची मान्यता काढण्याची तरतूद केली. वर्षअखेरीस तोडगा निघून ते ॲप आयफोनवर उपलब्ध झाले. तरीही ते घ्यावे की न घ्यावे हा निर्णय ग्राहकाकडेच राहिला.

खासगी वर्चस्व आणि स्पर्धा आयोग

ग्राहकाची निवड केवळ शासनच रोखते असे नाही. अँड्रॉइड प्रणाली वापरणाऱ्या हँडसेटनिर्मात्यांना प्ले स्टोअर हवे असल्यास गूगलची अन्य ॲपही एकत्रितपणे आधीच भरून द्यावी लागत. तीन व्यक्तींच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने ही सक्ती म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर असल्याचा निर्णय देऊन १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आधीपासून भरलेली ॲप काढून टाकण्यास ग्राहकाला आडकाठी करू नये, हाही त्या आदेशाचा भाग होता.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारल्यानंतर गूगलने भारतातील निर्मात्यांना स्वतंत्रपणे एकेक ॲप निवडण्याची मुभा जाहीर केली. मात्र राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवताना आयोगाचे चार निर्देश रद्द केले आणि त्यांत ॲप काढून टाकण्याविषयीचा निर्देशही होता. म्हणजे निर्मात्याला निवडीचा लाभ झाला, पण अंतिम ग्राहकाचा हक्क अपुराच राहिला.

संचार साथी : २०२५

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने हँडसेटनिर्माते व आयातदार यांना निर्देश दिला. ‘संचार साथी’ हे शासकीय ॲप ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून असावे, प्रथम वापराच्या वेळी ते सहज दिसावे आणि त्याची कार्ये बंद वा मर्यादित करता येऊ नयेत, असे त्यात नमूद होते. विरोध झाल्यावर ॲप काढून टाकता येईल असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि ३ डिसेंबर रोजी सक्ती मागे घेण्यात आली.

या ॲपची उपयुक्तता नाकारता येत नाही. हरवलेला फोन बंद करणे, आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे पाहणे, फसव्या कॉलची तक्रार करणे या सोयी सायबर फसवणुकीच्या काळात मोलाच्या आहेत. परंतु चोरीचा फोन बंद करण्याची मध्यवर्ती नोंदव्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रातच प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली होती आणि ती संकेतस्थळावरून चालत असे. फोनमध्ये काहीही न भरता तेच उद्दिष्ट साधण्याचा मार्ग शासनाला ठाऊक होता. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यावरील निर्बंधास कायद्याचा आधार, योग्य उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता हवी, असेही सांगितले. कमी हस्तक्षेपाचा मार्ग उपलब्ध असताना सक्तीचा मार्ग निवडणे या कसोटीवर टिकणे कठीण होते.

खासगी कंपनीने केल्यास गैरवापर ठरणारी सक्ती तीन वर्षांनी शासनानेच करू पाहिली, यात केवळ विसंगती नाही, कायद्यातील पोकळीही आहे. २००२ च्या स्पर्धा अधिनियमातील ‘उद्यम’ या संज्ञेतून शासनाची सार्वभौम कार्ये वगळलेली आहेत. त्यामुळे अशा सक्तीविरुद्ध ग्राहकाला स्पर्धा आयोगाकडे दाद मागता येणे दुरापास्त होय.

अन्य देशांतील अनुभव

युरोपीय महासंघाच्या २०२२ च्या डिजिटल बाजारपेठ नियमावलीनुसार ॲप सहज काढता येणे बड्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले. रशियाने उलट मार्ग धरला. तेथे एप्रिल २०२१ पासून देशी ॲप आधीच भरणे सक्तीचे झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून ‘मॅक्स’ या संदेशवाहक ॲपची त्यात भर पडली. भारताचे २०२२ चे धोरण पहिल्या मार्गाशी, तर २०२५ चा निर्देश दुसऱ्या मार्गाशी जवळीक दाखवितो.

निष्कर्ष

१. उत्पादकामार्फत ग्राहकावर नियंत्रण ठेवण्याची पद्धत मीठ व अबकारी कायद्यांपासून चालत आलेली आहे. तिची सोय प्रशासनाला होते, किंमत ग्राहक मोजतो.

२. भाषा, ओळखक्रमांक वा संकटकाळची कळ यांसारख्या अटी वस्तूचा दर्जा ठरवितात. काढता न येणारे ॲप मात्र मालकाच्या वस्तूत दुसऱ्याचा कायमचा मुक्काम निर्माण करते. या दोहोंत भेद करणे आवश्यक आहे.

३. ग्राहकाला नको असलेली गोष्ट काढता येते काय, हीच कसोटी कंपनी व शासन या दोघांनाही समानपणे लागू व्हावयास हवी.

४. असे निर्देश देण्यापूर्वी जाहीर विचारविनिमय व्हावा. २०२५ मधील माघार पाच दिवसांत झाली, ती निर्देश प्रकाशात आल्यावर चर्चा झाली म्हणून. मोहाचे फूल बाळगणाऱ्याला वा किनाऱ्यावरचे मीठ उचलणाऱ्याला अशी संधी मिळाली नव्हती. लोकशाहीतील ग्राहकाला ती निर्बंधानंतर नव्हे, निर्बंधापूर्वी मिळावी.