शिवाजी पार्क (दादर)

मुंबईच्या दादर (पश्चिम) भागातील महापालिकेचे सार्वजनिक मैदान व त्याभोवतीची निवासी वस्ती. मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे 28 एकर. पश्चिमेस स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग (जुना कॅडल रोड) आणि पलीकडे समुद्र. नावात ‘पार्क’ असले तरी बागेची लक्षणे थोडी : मधोमध तांबड्या मातीचे उघडे मैदान, कडेने झाडे आणि झाडांखाली सलग कट्टा. पत्त्यात ‘शिवाजी पार्क’ लिहिणारे भोवतालच्या गल्ल्यांत राहतात. रोजच्या बोलण्यात मात्र नुसते ‘पार्क’ म्हटले की मैदानच समजायचे.

उगम व नाव : 1896 च्या प्लेगनंतर मुंबईतील दाटी कमी करण्यासाठी 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर, माटुंगा, माहीम या योजनांतून बेटाच्या उत्तरेकडे आखीव रस्त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. येथील मैदान महापालिकेने 1925 मध्ये लोकांसाठी खुले केले. तेव्हाचे नाव माहीम पार्क. 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ‘शिवाजी पार्क’ असे नामांतर झाले. अवंतिकाबाई हिंद महिला समाजाच्या संस्थापक. त्यांनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र 1918 मध्ये टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले होते. त्रिशताब्दी 1927 मध्ये धरली गेली ती शिवजन्माचे वर्ष 1627 मानून; पुढे महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. जन्मतिथीचा वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे, तथापि मैदानाच्या नावामागे जुनी गणना आहे एवढे नोंदवणे अवश्य. 2020 पासूनचे अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क. बोलण्यात ते अद्याप उतरलेले नाही.

वस्ती : भोवतालच्या इमारती बहुतांशी 1930–40 च्या दशकांतल्या, मूळच्या दोन-तीन मजली. अनेकांचा पुनर्विकास झाला आहे.

कट्टा : मैदानाला वेढणारी बुटकी, बसण्याजोगी भिंत. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आत संपते, म्हणून फिरायला येणारे अंतर किलोमीटरात न सांगता ‘आज तीन राउंड झाले’ असे सांगतात. पहाटे ज्येष्ठांचे गट, सकाळी खेळाच्या पिशव्या सांभाळत बसलेले पालक, दुपारी कॉलेजची मुले, संध्याकाळी बाबागाडीसह आजी-आजोबा आणि ऑफिसातून परस्पर आलेले आईबाप, असा जागेचा अलिखित वाटा ठरलेला आहे. एकेका गटाची बसण्याची जागा वर्षानुवर्षे बदलत नाही. नेहमीचा माणूस दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो. घरे लहान, पाहुणे फार, आणि खाली उतरले की पार्क, अशा हिशेबाने कित्येक कुटुंबांची बैठकीची खोली कट्ट्यावर आली. लग्नाच्या बोलण्यांपासून दहावीच्या मार्कांपर्यंतचे विषय तिथे निघतात आणि भेळेच्या कागदाबरोबर संपतात. मोठ्यांसाठी नाना-नानी पार्क आणि लहानांसाठी खेळांची जागा वेगळी राखलेली आहे. तरी आजोबांचा ओढा कट्ट्याकडे आणि मुलांचा मातीकडे, हे कोणत्याही संध्याकाळी पाहता येते.

या वापराची दफ्तरी नोंद जवळजवळ नाही. सभेला परवानगी लागते, क्रिकेटच्या नेटला क्लब लागतो; कट्ट्यावर बसण्याची पावती फाटत नाही. त्यामुळे मैदानाच्या लिखित इतिहासात सभा फार आणि संध्याकाळी थोड्या, हा दोष प्रस्तुत नोंदीतही उतरला आहे. शांता गोखले यांचे या परिसरावरील इंग्रजी पुस्तक (2020) हा ठळक अपवाद.

सभा व न्यायालयीन बाबी : संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील सभांमुळे मैदानाचे नाव राज्यभर झाले. शिवसेनेची पहिली जाहीर सभा 30 ऑक्टोबर 1966 रोजी येथे झाली. दसरा मेळाव्याची परंपरा त्या वर्षापासून मोजली जाते. 18 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि 6 फेब्रुवारी 2022 रोजी लता मंगेशकर यांच्यावर येथेच अंत्यसंस्कार झाले. उद्धव ठाकरे यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी 28 नोव्हेंबर 2019 चा.

शेजारच्या कुटुंबांची कागदोपत्री हजेरी लागते ती मुख्यतः आवाजाच्या तक्रारीतून. रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे 2010 मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार अशा क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल असते. सभांसाठी पुढे प्रत्येक वेळी स्वतंत्र परवानगीचा प्रश्न येऊ लागला. 2022 मध्ये शिवसेनेच्या दोन गटांनी दसऱ्यासाठी मैदान मागितले तेव्हा उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली. हे खेळाचे मैदान की सभेचे, याबद्दल एकमत नाही.

6 डिसेंबर : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. ती चैत्यभूमी मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महापरिनिर्वाण दिनाला येणाऱ्या अनुयायांच्या निवाऱ्यासाठी महापालिका मैदानात मंडप घालते. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबे लेकराबाळांसह येथे मुक्काम करतात. पुस्तकांच्या स्टॉलवरची खरेदी हा त्या मुक्कामाचा ठरलेला भाग. ‘स्थानिक कुटुंबांचे मैदान’ असे वर्णन करताना वर्षाचे हे दिवस पुष्कळदा वगळले जातात. वास्तविक एवढी कुटुंबे मैदानात एकत्र राहतात ती याच दिवसांत.

क्रिकेट : रमाकांत आचरेकरांच्या नेटमुळे सर्वज्ञात, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी येथले. विस्तार इतरत्र पुष्कळ झालेला असल्याने येथे टाळला आहे. आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण डिसेंबर 2024 मध्ये झाले. सुट्टीच्या दिवशी सामने एकमेकांत शिरतात : एका संघाचा लाँग-ऑन दुसऱ्याच्या स्लिपजवळ उभा असतो, आणि चेंडू कोणाचा हे तो आपटल्यावर ठरते.

इतर संस्था : समर्थ व्यायाम मंदिर (मल्लखांब, येथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री), शिवाजी पार्क जिमखाना, बेंगॉल क्लब (दुर्गापूजा), गणेश मंदिर.

धूळ : मैदानातील माती कोरड्या दिवसांत घरांत जाते. पाणी मारणे, हिरवळ लावणे असे उपाय महापालिकेने वेळोवेळी केले. तक्रार कायम आहे.

झाडे : मुख्यतः पर्जन्यवृक्ष.