सेकंडहँड इलेक्ट्रिक एसयूव्ही: उंब्रजसारख्या गावात घेताना काय तपासावे?

पेट्रोल-डिझेलची जुनी गाडी बघायला जाताना सोबत ओळखीचा मेकॅनिक न्यायची रीत आहे. तो बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग बघतो आणि सौदा करायचा की नाही ते सांगतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनही नाही आणि धूरही नाही. तिची सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि ती गाडीच्या तळाशी बंद पेटीत असते. वॉरंटी संपल्यावर ती बदलायची वेळ आली, तर स्वस्तात मिळालेली गाडी फार महागात पडते. त्यामुळे रंग, टायर आणि किलोमीटर बघण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : बॅटरीची क्षमता किती उरली आहे आणि तिची वॉरंटी किती उरली आहे?

बाजारात कोणत्या गाड्या दिसतात?

जुन्या बाजारात टाटा नेक्सॉन ईव्ही सहज दिसते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या या गाडीत ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे ३०.२ युनिट वीज साठवणारी बॅटरी होती. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली. २०२३ च्या सुरुवातीला महिंद्राने एक्सयूव्ही४०० ही गाडी ३४.५ आणि ३९.४ युनिट अशा दोन बॅटऱ्यांत आणली. जानेवारी २०२४ मध्ये पंच ईव्ही २५ आणि ३५ युनिटांत आली. नाव एकच असले तरी बॅटरी वेगळी असू शकते, म्हणून जाहिरातीत 'नेक्सॉन ईव्ही' एवढेच लिहिले असेल तर कोणती बॅटरी ते आधी विचारावे.

उंब्रजहून कुठे जायचे आहे?

पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. ही चाचणीतली रेंज आहे. रस्त्यावर, एसी लावून आणि महामार्गाच्या वेगाने, नवी असताना साधारण २०० किलोमीटर धरणे सुरक्षित. बॅटरीची क्षमता ८५ टक्के उरली असेल तर १७० किलोमीटर.

उंब्रज पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. तिथून कराड सुमारे १७ किलोमीटर, कोल्हापूर ९०, तर पुणे १४५ च्या आसपास. रोज कराडला नोकरीला जाणाऱ्या आणि अधूनमधून मसूर, पाल, चाफळला जाणाऱ्या माणसाला १७० किलोमीटर पुरून उरतात. कोल्हापूरला जाऊन-येऊन मात्र १८० होतात, म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग हवेच. पुण्याला एका चार्जमध्ये जेमतेम पोहोचता येईल, पण तिथे चार्जिंग केल्याशिवाय परतता येणार नाही. दर आठवड्याला पुणे असेल तर मोठ्या बॅटरीची गाडीच बघावी.

बॅटरी कशी तपासावी?

उत्तम मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागणे. या आकड्याला 'स्टेट ऑफ हेल्थ' म्हणतात. गाडीच्या पडद्यावर दिसणारे '१०० टक्के' म्हणजे हा आकडा नव्हे. थकलेली बॅटरीही पूर्ण भरली की १०० टक्केच दाखवते, जसा लहान झालेला हंडाही काठोकाठ भरतो.

अंदाजासाठी घरगुती चाचणीही करता येते. बॅटरी २० टक्क्यांवर असताना गाडी चार्जिंगला लावावी आणि १०० टक्के होईपर्यंत मीटरवर किती युनिट गेले ते बघावे. ३०.२ युनिटांच्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे सुमारे २४ युनिट. चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते, ती धरून मीटरवर २६-२७ युनिट दिसायला हवेत. २१-२२ युनिटांतच गाडी 'पूर्ण' झाली, तर क्षमता बरीच घटली आहे असे समजावे आणि अहवालाशिवाय पुढे जाऊ नये.

वॉरंटी किती उरली?

नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी होती. म्हणजे २०२१ ची कमी चाललेली गाडी २०२९ पर्यंत वॉरंटीत राहते, पण त्याच वर्षाची दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी काही महिन्यांत वॉरंटीबाहेर जाऊ शकते. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे का आणि सर्व्हिस चुकल्यामुळे ती रद्द झाली आहे का, हे चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नये.

गाडी पुरात होती का?

कृष्णाकाठी हा प्रश्न टाळून चालत नाही. जुलै २०२१ मध्ये सांगलीत आणि घाटापलीकडे चिपळूणमध्ये महापूर आला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर होत्या. नेक्सॉन ईव्हीची बॅटरी आयपी६७ दर्जाची आहे. हा दर्जा एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंतच्या चाचणीवर मिळतो. पुराच्या गढूळ पाण्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीला त्याचा आधार नाही. सीटखालचे गंजलेले बोल्ट, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा गाळ, गालिच्याचा कुबट वास या खुणा बघाव्यात. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहितीही मागावी.

घरी चार्जिंग जमेल का?

पहिली नेक्सॉन ईव्ही १५ अँपिअरच्या सॉकेटवर आठ-नऊ तासांत भरते. त्यासाठी नीट अर्थिंग, स्वतंत्र वायर आणि पुरेसा मंजूर भार हवा. भार वाढवायचा असेल तर सौद्याआधीच महावितरणकडे चौकशी करावी. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नये. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याखेरीज वापरली, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडात्मक आकारणी होऊ शकते.

कागदपत्रे

खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात. पिवळी अक्षरे असतील तर ती प्रवासी वाहतुकीची गाडी आहे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. उंब्रजच्या खरेदीदाराचे काम कराडच्या एमएच-५० कार्यालयात होते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. मूळ चार्जिंग केबल आणि दोन्ही चाव्या ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

बॅटरीचा अहवाल आणि वॉरंटीचे लेखी उत्तर मिळवायला एखादा दिवस जातो. विक्रेता तेवढा दिवस द्यायला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघावी.