बाप्तिस्म्यानंतरची श्रद्धा

गोव्यातील सोळाव्या शतकातील धर्मांतरांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मांतरितांच्या मनात नवी श्रद्धा पुढे कशी मुरली, याचा विचार त्या मानाने थोडा झाला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले, ते १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. साडेदहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न मोठा मार्मिक आहे. धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करवून घेता येतात. परंतु संकटात ज्याच्यावर भार टाकावा असा देव कथा ऐकता ऐकताच आपलासा होतो. स्टीफन्स यांनी हे ओळखले आणि ओवी हाती घेतली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही ते कचरले नाहीत!

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवर बंदी घातली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. मात्र गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. १७८४ ते १७९९ या काळात टिपूच्या बंदिवासात श्रीरंगपट्टणास याच ओव्यांनी आपल्या पूर्वजांचा विश्वास तगवला, असे ते लोक सांगतात. परंपरेतील अतिशयोक्ती वजा केली, तरी एवढे खरे की, १९०७ साली मंगळुरास सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखितांवरून.