दाणा गेला, चुना राहिला



लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईला काय काय शिकावं लागतं, याची यादी केली तर वही भरेल. त्यातली एकच गोष्ट आज सांगते. ती एका मेक्सिकन हॉटेलात सुरू झाली, मक्याच्या इतिहासात हिंडली आणि शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात येऊन थांबली.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी शिकागोला गेले. बॅगेत हळीव, डिंक, सुंठ, खारीक. लेकीला आठवा महिना लागलेला. मला वाटलं, ती आईच्या हातचं काहीतरी मागेल. तिने मागितली मक्याची गरम पोळी, तीही पिल्सनमधल्या एका हॉटेलातली. पिल्सन हा शिकागोचा जुना भाग. आधी तिथे चेक लोकांची वस्ती होती, विसाव्या शतकाच्या मध्यापासून मेक्सिकन कुटुंबं आली. हॉटेल मात्र अगदी नव्या फॅशनचं. विटांच्या उघड्या भिंती, उंच स्टुलं, स्वयंपाकघर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि बाहेर तरुण मुलांची रांग. जावयांनी माझ्यासाठी सहाची वेळ घेतली होती. तिथे जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे रात्रीभोजनाची काळजी नव्हती.

कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अंतोहितोस’. जावई म्हणाले, “आई, स्पॅनिशमध्ये ‘अंतोहो’ म्हणजे काहीतरी खाण्याची अचानक झालेली इच्छा. डोहाळ्यांनाही हाच शब्द.” म्हणजे आमची डोहाळकरीण अगदी बरोबर ठिकाणी आली होती! बाजारात, चर्चसमोरच्या जत्रेत उभ्या उभ्या खायचे मक्याचे पदार्थ, ही अंतोहितोंची मूळ ओळख. आपल्याकडची भेळ-भजी म्हणा ना. आता तेच पदार्थ छोट्या छोट्या बश्यांतून येतात आणि सगळ्यांनी एकाच बशीतून खायचं असतं. मी आधी माझ्या ताटलीत वेगळं काढून घ्यायचं ठरवलं. उष्ट्याची सवय आपल्याला कुठली?

पण काढून घ्यायला काही उरेना. घोटलेला काळा घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. चीजमधलं रेनेट कशाचं, हे वाढणाऱ्या मुलालाही ठाऊक नव्हतं. घेवड्यावर आंबट साय, म्हणजे सरळ सरळ द्विदल. भोपळ्याची फुलं होती, पण फुलं आपण खात नाही. ‘हिकामा’ नावाची पांढरीशुभ्र कोशिंबीर पाहून आशा वाटली, तर तो निघाला कंद. शेवटी राजगिऱ्याची वडी दिसली, अगदी आपल्यासारखी, पण ती मधात बांधलेली. राजगिरा मूळचा तिकडचाच, हे मला तिथेच कळलं.

तो मुलगा फार सबुरीचा होता. मला धीर देत तो इंग्रजीत म्हणाला, “नुसता मासा चालेल ना?” मी दोन्ही हात जोडले. लेक हसून हसून थकली. मग सांगितलं, की तिथे ‘मासा’ म्हणजे मक्याचा मळलेला गोळा. मका, चुना आणि पाणी, एवढंच त्यात असतं.

मग त्याने विचारलं, “चटण्या कांदा-लसणाशिवाय आणू?”

लेक कार्डाकडे बघत म्हणाली, “फक्त आईच्या. माझ्यात असू दे.”

मी काही बोलले नाही. पोटुशी लेक, समोर जावई, भोवती परकी माणसं. पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

पोळ्या आल्या. मीठ, लिंबू, भाजलेली मिरची आणि ठेचलेला अवाकाडो यांच्यासोबत मी दोन खाल्ल्या. मन ठिकाणावर नव्हतं, पण जिभेला चव कळतच होती. चुना दिलेल्या भिंतीवर पाणी शिंपडल्यावर येतो ना, तसा मंद वास त्या पोळीला होता. आमच्या सांगलीकडे मक्याची भाकरी करायला घेतली की कडा फाटतात, गरम पाण्याशिवाय ती थापताच येत नाही. ही पोळी मात्र रुमालासारखी दुमडत होती.

हात धुवायला उठले तेव्हा कोपऱ्यात एक वयस्क बाई पोळ्या भाजताना दिसल्या. मी त्यांना हवेतच भाकरी थापून दाखवली. त्या हसल्या आणि हाताने खूण करून मला जवळ बोलावलं. एका पातेल्यात मक्याचे फुगलेले दाणे होते. त्यांनी एक दाणा बोटांत धरून चोळला, तर त्याचं साल अलगद सुटून आलं. शेजारच्या डब्यात पांढरा चुना होता. लेकीने इंग्रजीत विचारलं, हे कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, आजीने.

त्या रात्री झोप आली नाही. पुढच्या आठवड्यात लेकीच्या घराजवळच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसले. खरं सांगायचं तर कांद्याचा विचार टाळायला मी मक्याचा विचार करत होते.

मक्याचा पूर्वज म्हणजे तेओसिंते नावाचं एक गवत. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी माणसांनी त्याची निवड करत करत कणीस घडवलं. मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवण्याची रीतही निदान ३००० वर्षं जुनी आहे. नाहुआत्ल भाषेतल्या राखेच्या शब्दावरूनच तिला ‘निश्तामाल’ असं नाव पडलं. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे. वाटायला ‘मेताते’ नावाचा तीन पायांचा पाटा. चुन्याने साल सुटतं, गोळ्याला चिकटपणा येतो आणि दाण्यात बांधून राहिलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. वर चुन्यातलं कॅल्शियमही मिळतं. आपल्या आज्या मुलांना चुन्याची निवळी द्यायच्या, कोहळ्याचा पेठा चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, ते आठवलं.

हे सगळं बायकांचं काम. गुडघ्यावर बसून रोजचे चार-पाच तास वाटण चालायचं. माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात तर माणूसच मक्याच्या पिठातून घडतो, आणि तो मका दळणारी असते एक आजी. पण या कष्टांचं मी कौतुक करत बसणार नाही. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना विचारा! विसाव्या शतकात निश्तामालच्या गिरण्या आल्या तेव्हा कितीतरी नवऱ्यांनी नाकं मुरडली. म्हणे गिरणीच्या पिठाला चव नाही, आणि बायका रिकाम्या बसतील. पुढे १९३४ ते १९४० या काळात राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या सरकारने खेड्यांतल्या महिला संघटनांना गिरण्या उभारायला मदत केली.

आता मधला भाग. १५१९ मध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले आणि १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी पडली. डुकरं त्यांनीच आणली. त्याआधी घेवडा चरबीत परतला जाणं शक्यच नव्हतं, तो पाण्यात शिजायचा. गाय, चीज, गहू, आजचा कांदा-लसूण हे सगळं नंतरचं. वाचताना मला गंमत वाटली, की माझ्यासमोर आलेल्या बशीवरची पाचशे वर्षांची साय बाजूला केली असती तर बरंच काही मला चाललं असतं. पण उगाच भाबडेपणा नको. तिथले लोक शाकाहारी नव्हते. टर्की, मासे, कुत्री, किडे सगळं खात होते.

स्पॅनिश पाद्र्यांना मका धर्मात चालत नव्हता. प्रसादाची भाकर गव्हाचीच हवी. तरीही मक्याचे दाणे जहाजातून युरोपात गेले, कारण पीक भरघोस येत होतं. दाणे गेले, पण ते वाटणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही की तुम्ही यात चुना का घालता. युरोपात मका गव्हासारखा कोरडाच दळला गेला. गरिबांचं पोट त्याच्याच लापशीवर भरू लागलं.

आणि एक रोग आला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने त्याची लक्षणं टिपली. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल खरबरीत चट्टे, पोट बिघडणं, शेवटी बुद्धिभ्रम. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ म्हणजे खरबरीत कातडी असं नाव मिळालं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरला. लोकांना वाटलं, संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना तपासाला पाठवलं. त्यांच्या लक्षात आलं, की वेड्यांच्या इस्पितळांत रोगी आजारी पडतात, पण त्यांची सेवा करणारे पडत नाहीत. म्हणजे दोष ताटात होता. नेमकं काय कमी पडतं ते सापडायला १९३७ उजाडलं. तोवर लाखो माणसं आजारी पडली होती. आणि मेक्सिकोच्या खेड्यांत, जिथे तीन वेळा मकाच खाल्ला जात होता, तिथे हा रोग क्वचितच दिसायचा.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही बरं का. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हाच रोग अभ्यासला. ज्वारी वाईट नव्हती. पण ज्यांच्या ताटात भाकरीसोबत डाळ, दूध काहीच पडत नव्हतं, त्यांच्यावर ही वेळ आली.

एके दिवशी पहाटे तीनला लेक पाय दुखतात म्हणून उठली. मी जागीच होते. तिचे पाय चेपता चेपता ही सगळी गोष्ट तिला सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे आई, तू मला चुना लावलाच नाहीस.”

आम्ही दोघी हसलो. मग ती गंभीर झाली. “हॉस्टेलवर सगळ्या विचारायच्या, कांदा का नाही खात? मी म्हणायची, आमच्यात खात नाहीत. का, तर उत्तर नाही. दोन वर्षं उत्तराशिवाय नाही म्हणत राहिले. मग खोटं वाटायला लागलं.”

मला वाईट वाटलं, आणि तिचं म्हणणं खरंही वाटलं. मलाही आईने ‘का’ सांगितलं नव्हतं. पण मला ते विचारावंच लागलं नाही. दारात आजी धान्य शोधत बसलेली, एकेक किडा सुपातून अलगद झाडाखाली सोडणारी. पाणी गाळल्यावर गाळणं उलटं धरून त्यातले जीव परत विहिरीत सोडणारी काकू. चातुर्मासात मुनिमहाराजांची प्रवचनं. चुना घराच्या हवेतच होता. लेकीला मी बाविसाव्या वर्षी विमानात बसवलं ते फक्त काय खायचं नाही याची यादी हातात देऊन.

त्या पहाटे मला जमेल तसं सांगितलं. कंद उपटला की अख्खं झाड जातं आणि मातीतले जीवही जातात. कंदात एका शरीरात अनंत जीव राहतात, असं आपलं शास्त्र मानतं. टोपलीत पडलेला कांदाही कोंब काढतो, तो जिवंतच असतो. सूर्यास्तानंतर न जेवण्यामागे दिव्यावर झेप घेणाऱ्या जिवांची काळजी आहे. जीभ थोडी आवरली की मनही आवरायला शिकतं, हे माझ्या अनुभवाचं. तिने मध्येच दोन अवघड प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही, तसं सांगितलं.

शेवटी ती म्हणाली, “आई, सगळं पटलं असं नाही म्हणत. पण आता कळलं तरी.”

जुलैत नात झाली. अठराव्या रस्त्यावरच्या मेक्सिकन दुकानातून मी खायचा चुना आणला, मका शिजवला, रात्रभर ठेवला आणि सकाळी वाटून पोळ्या केल्या. पहिल्या चार फाटल्या, पाचवी जमली. लेकीच्या टोपलीत तळाला कांदे अजून होते. मी त्यांना हात लावला नाही, आणि त्यावर बोललेही नाही. आता दर रविवारी फोनवर ती एक तरी ‘का’ विचारते. उत्तर येत नसेल तर मी देवळात पंडितजींना विचारून पुढच्या रविवारी सांगते. या वयात माझा अभ्यास सुरू झाला आहे.

मैत्रिणींनो, सुनेला-लेकीला पाककृती देताना आपण जिन्नस नीट लिहून देतो. त्याच कागदावर एक ओळ ‘का’ची लिहा. येत नसेल तर विचारून लिहा. डब्यात दाणे भरून देतानाच चिमूटभर चुनाही बांधून द्या.

जय जिनेंद्र.