पिंपात मुरलेली बिअर : ‘बर्बन काउंटी स्टाउट’चा इतिहास

‘बर्बन काउंटी स्टाउट’ ही अमेरिकेतील शिकागो शहरात गूज आयलंड या छोट्या ब्रुअरीने १९९० च्या दशकात तयार केलेली काळी, दाट आणि कडक बिअर होय. बर्बन व्हिस्की काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या सहा ओक-पिंपांत ती काही महिने मुरवण्यात आली. बर्बनच्या पिंपात मुरवलेल्या बिअरची आजची परंपरा या सहा पिंपांपासून सांगितली जाते. लाकडी पिंप आणि बिअर यांचा संबंध मात्र फार जुना आहे. त्या दीर्घ काळात बहुतेक ब्रुअरांची धडपड लाकडाची चव बिअरमध्ये उतरू नये यासाठी चाललेली होती. जी चव पिढ्यान्‌पिढ्या दोष मानली गेली, तीच गूज आयलंडने गुण म्हणून घेतली. हा बदल कसा घडला हे समजण्यासाठी आधी पिंपाकडे पाहावे लागते.

वाकवलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून त्यांवर कडी ठोकायची आणि दोन्ही टोकांना गोल तळ बसवायचे, अशी पिंपाची बांधणी असते. त्यात खिळा किंवा डिंक लागत नाही. आत द्रव भरला की लाकूड फुगते आणि फटी आपोआप बुजतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने आल्प्सच्या परिसरातले लोक कडी घातलेल्या लाकडी भांड्यांत द्राक्षमद्य साठवतात, अशी नोंद केली आहे. मातीच्या रांजणापेक्षा पिंप टिकाऊ होते आणि एकटा माणूस ते आडवे करून गडगडत नेऊ शकत होता. त्यामुळे युरोपात द्राक्षमद्य, बिअर, खारवलेले मासे, लोणी अशा साऱ्या मालाची ने-आण पिंपांतूनच होऊ लागली.

बिअरसाठी पिंप हे केवळ भांडे होते. इंग्लंडमधील ब्रुअर बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून येणारे ओक पसंत करत, कारण त्याचा स्वाद बिअरमध्ये फारसा उतरत नसे. अमेरिकेतील पांढऱ्या ओकचा वास मात्र उग्र मानला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची ब्रुअरी आणि १८२० च्या दशकापासून बर्टन येथील ऑलसप, बास यांच्यासारख्या ब्रुअरी भारतात जी बिअर पाठवत, ती अशाच पिंपांतून मुंबई आणि कोलकात्याच्या धक्क्यावर उतरे. केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. प्रवासात बिअर मुरत असे खरी, पण गोऱ्या ग्राहकांना तिच्यात हॉप्स या वनस्पतीच्या फुलांचा कडवटपणा हवा असे, लाकडाचा वास नव्हे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन ब्रुअरांनी तर पिंपाला आतून डांबरासारख्या राळेचा लेप देण्याची पद्धत ठेवली होती. त्यामुळे लागर बिअरचा लाकडाला स्पर्शच होत नसे.

याला अपवादही होते. अठराव्या शतकात लंडनमधील पोर्टर नावाची काळी बिअर प्रचंड लाकडी टाक्यांत महिनोन्‌महिने मुरवली जाई. या टाक्या केवढ्या मोठ्या होत्या याची कल्पना १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुर्घटनेवरून येते. त्या दिवशी लंडनच्या हॉर्स शू ब्रुअरीतील एक टाकी फुटली आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला. मुरलेल्या इंग्रजी बिअरला जो विशिष्ट गंध येई, त्याचे कारण १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने शोधले. लाकडाच्या छिद्रांत राहणारे एक रानटी यीस्ट हा गंध निर्माण करत होते. क्लाउसेनने त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या परिसरातील लाम्बिक आणि रूसेलारे येथील रोडेनबाख या आंबट बिअर आजही लाकडात मुरतात. मात्र तिथेही लाकूड स्वतःच्या चवीसाठी वापरले जात नाही. ते सूक्ष्मजीवांचे घर म्हणून उपयोगी पडते.

विसाव्या शतकात धातू आला. पोलादी आणि ॲल्युमिनियमचे पिंप आतून निर्जंतुक करता येते, ते गळत नाही आणि वायूचा दाब सहन करते. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन-तीन दशकांत बहुतेक ब्रुअरींतून लाकूड हद्दपार झाले आणि पिंप बांधणाऱ्या कारागिरांचा धंदाही बसला.

अमेरिकेत हे कसब एका मद्यामुळे तगून राहिले. ते मद्य म्हणजे बर्बन. त्याच्या कच्च्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ते आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओक-पात्रातच मुरवावे लागते. दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यानंतर, त्याच दशकात, नव्या पात्राचा हा नियम सरकारी मानकांत आला. त्याचा परिणाम असा झाला की एकदा बर्बन काढून घेतले की ते पिंप बर्बनसाठी कायमचे बाद होते. सुमारे २०० लिटरचे हे भक्कम भांडे आणखी कित्येक वर्षे टिकण्याजोगे असते, तरी मूळ मालकाला त्याचा उपयोग राहत नाही. अशी पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जात आणि तिथल्या व्हिस्कीसाठी वापरली जात. बर्बनचे माहेर असलेल्या केंटकी राज्यातील गोदामांत स्वस्त, पक्की आणि बर्बनने भिजलेली पिंपे वर्षानुवर्षे उपलब्ध होती. बिअरवाल्यांपैकी कोणाला ती हवीशी वाटत नव्हती.

ती हवीशी वाटतील असे ब्रुअर आधी तयार व्हावे लागले. दारूबंदीच्या तेरा वर्षांत अमेरिकेतील छोट्या ब्रुअरी मोडल्या आणि पुढे उरलेल्या मोठ्या कंपन्यांनी एकमेकींना गिळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशभरात शंभरहून कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या एकाच प्रकारची फिकट लागर बनवत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे जॅक मॅकऑलिफ यांनी न्यू ॲल्बियन ही छोटी ब्रुअरी काढली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने घरगुती वापरासाठी बिअर बनवणे संघीय कायद्याने वैध झाले. घरच्या स्वयंपाकघरात हात बसलेली माणसे पुढे या धंद्यात उतरली आणि विस्मरणात गेलेले युरोपीय प्रकार पुन्हा बनू लागले. छोट्या ब्रुअरीजवळ जाहिरातीला पैसा नव्हता. तिचे भांडवल वेगळेपणा हेच होते.

जॉन हॉल हे खोकी आणि वेष्टने बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून या धंद्यात आले. त्यांनी १९८८ मध्ये शिकागोच्या क्लायबोर्न ॲव्हेन्यूवर ब्रूपब सुरू केला, म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती प्यायला मिळते असे उपाहारगृह. शिकागो नदीच्या उत्तर शाखेतील जवळच्या बेटावरून त्याचे नाव गूज आयलंड पडले. जॉन यांचा मुलगा ग्रेग हॉल तिथे काम शिकला आणि १९९१ मध्ये मुख्य ब्रुअर झाला.

इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे बिअर, बर्बन आणि सिगार यांच्या मेजवानीत ग्रेग यांची गाठ बुकर नो यांच्याशी पडली. नो हे बर्बन बनवणाऱ्या जिम बीम यांचे नातू आणि त्या घराण्याच्या भट्टीचे नामवंत जाणकार होते. त्यांच्याशी बोलताना ग्रेग यांच्या मनात आले की बर्बनचे रिकामे पिंप बिअरला लावून पाहावे. ब्रूपबचा हजारावा घाणा जवळ येत होता आणि त्यासाठी काहीतरी खास करायचे होते. जिम बीमच्या भट्टीकडून सहा पिंपे आली. त्यांत भरण्यासाठी ग्रेग यांनी इम्पीरियल स्टाउट निवडली, म्हणजे अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जाणाऱ्या कडक काळ्या बिअरचा वारसा सांगणारा प्रकार. हलकी बिअर पिंपातील बर्बनपुढे टिकली नसती. भाजलेल्या माल्टची कॉफी आणि चॉकलेटची आठवण करून देणारी चव आणि भरपूर मद्यांश यांमुळे ही बिअर तेवढी तगडी होती.

पिंपात जे घडते ते लोणचे मुरण्यासारखेच संथ असते. जळलेल्या थराखालच्या लाकडात बर्बन शिरून बसलेले असते. ते हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि मद्यांश वाढतो. लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन सुटते, हेमिसेल्युलोजच्या जळण्यातून जळक्या साखरेचा स्वाद येतो आणि अमेरिकन ओकमधील लॅक्टोन नारळाची आठवण करून देते. उन्हाळ्यात बिअर लाकडात खोल शिरते आणि थंडीत बाहेर येते. म्हणून शिकागोचे टोकाचे हवामान इथे कामाला येते. बर्बनने लाकडाचा पहिला तुरटपणा आधीच ओढून घेतलेला असल्याने बिअरच्या वाट्याला मवाळ भाग येतो. पिंप मात्र रिकामे झाल्यावर लवकर भरावे लागते. वाळले की फळ्या आकसतात आणि गळती सुरू होते.

ही बिअर पहिल्यांदा कधी ओतली गेली याविषयी मतभेद आहेत. कंपनी १९९२ हे वर्ष सांगत आली. पत्रकार जॉश नोएल यांनी शोध घेऊन १९९५ हे वर्ष मांडले. डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये ती १९९५ साली लोकांसमोर आली. स्पर्धेतील कोणत्याही वर्गात ती बसत नव्हती, कारण पिंपात मुरवलेल्या बिअरसाठी वर्गच नव्हता. पुढच्या काही वर्षांत असा वर्ग निर्माण झाला, शिकागोत केवळ लाकडात मुरवलेल्या बिअरचा वेगळा महोत्सव भरू लागला आणि देशभरातल्या छोट्या ब्रुअरी केंटकीची पिंपे मागवू लागल्या. जी पिंपे पूर्वी बाद माल म्हणून निघत, त्यांसाठी आता स्कॉटलंडच्या भट्ट्या आणि अमेरिकेच्या ब्रुअरी अशी दोन्हीकडून मागणी होती. २००० च्या दशकात ‘बर्बन काउंटी स्टाउट’ बाटलीत भरली जाऊ लागली आणि पुढे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ती विकत घेण्यासाठी दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लागू लागल्या.

मार्च २०११ मध्ये अनहायझर-बुश इनबेव्ह या जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने गूज आयलंड ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेतली. छोट्या ब्रुअरींच्या चळवळीला हा धक्का होता. मात्र नव्या मालकाच्या पैशाने शिकागोत हजारो पिंपे मावतील असे गोदामही उभे राहिले. प्रमाण वाढले तशी लाकडाची जुनी खोडही पुढे आली. २०१५ च्या काही बाटल्या आंबट निघाल्या. जास्त मद्यांशातही जगणारा लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू त्यांत सापडला आणि कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. लाकडाच्या छिद्रांतून जंतू पुरते काढता येत नाहीत, म्हणूनच एके काळी ब्रुअर धातूकडे वळले होते. गूज आयलंडने पिंपे सोडली नाहीत. २०१६ पासून पिंपातून निघालेली बिअर बाटलीत जाण्यापूर्वी तिचे पाश्चरीकरण होऊ लागले, आणि लाकडाची चव राखून लाकडाचे जंतू तेवढे वगळण्याची सोय झाली.